एकूण सदतीस

माझी बायको मंगळवारी सकाळी वारली. ती चहा टाकायला उठली होती. ओट्याजवळ बसली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी लोक घरी गेले.

त्यानंतरच्या वर्षात मी काय केलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर असं की मी एक फाईल सांभाळली. रोज सकाळी सांभाळली. इतकी नीट सांभाळली की ती उघडून बघायचंही मनात आलं नाही. माझ्या हुशारीबद्दल ज्यांना अजून काही शंका असेल त्यांची ती फिटावी, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी कळमनुरीतल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस सारखा वाचत असेल. मी वाचलं, नाही असं नाही. पण वाचलं त्याहून जास्त मोजलं. दर उन्हाळ्यात ग्रंथालयाची पडताळणी असते. कपाटातलं एकेक पुस्तक काढायचं, त्याचा दाखल क्रमांक रजिस्टरातल्या क्रमांकाशी ताडायचा, बरोबरची खूण करायची आणि पुस्तक परत ठेवायचं. एका वर्षी माझी पडताळणी एकही पुस्तक कमी न भरता पूर्ण झाली. मी घरी येऊन बायकोला ते सांगितलं. मी सहसा काही सांगत नसल्यामुळे तिनं निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून ऐकलं. पुढच्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीनं अर्थशास्त्राचं एक पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पुठ्ठा होता, क्रमांक होता, कॉलेजचा शिक्का होता. आतली पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेली होती. तेही मी घरी सांगितलं. बायको पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि मग म्हणाली, "म्हणजे पुठ्ठे बराबर भरले."

हे वाक्य मी जपून ठेवायला हवं होतं. मी दुसरंच काहीतरी जपत बसलो.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरीची शेवटची अकरा वर्षं तिनं एका तांड्यावरच्या शाळेत काढली. तिथली लेकरं घरी त्यांची बोली बोलायची आणि शाळेत आल्यावर मराठीतून प्रश्न विचारायची. ज्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथल्या तिथे देता आलं नाही, तो ती वहीत लिहून ठेवी. नुसता प्रश्न, पोराचं नाव नाही, तारीख नाही. शाळेचं वर्ष संपलं की खाली रेघ मारून लिही, "एकूण ४१" किंवा "एकूण ३८." हजेरीपटावर रोज पट, हजर, गैरहजर लिहिणाऱ्या हाताला ती सवयच असते. त्यातले काही प्रश्न ती संध्याकाळी माझ्यापुढे ठेवी. "तुमी ग्रंथपाल ना? सांगा." मी म्हणे, "पाहून सांगतो." अकरा वर्षांत मी किती पाहिले आणि किती सांगितले, याची नोंद सुदैवानं तिनं ठेवलेली नाही.

निवृत्त झाल्यावर तिनं त्या सगळ्या वह्या टाईप करून घेतल्या. तिची धाकटी बहीण वसमतला असते. तिच्या घराजवळ एक डीटीपीचं दुकान आहे, तिथे. सुट्टीत बहिणीकडे राहून ती रोज दुकानात बसायची आणि प्रुफं तपासायची. शेवटी एक सीडी आणि एक प्रिंट घेऊन परत आली. वह्या आणि प्रिंट तिनं लोखंडी पेटीत ठेवल्या. सीडी मी मागून घेतली आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली, कारण सीडी थंड, कोरड्या जागी ठेवावी असं मी कुठेतरी वाचलं होतं.

तेरावा झाल्यावर मेहुणीनं पेटी उघडली. वरच्या साड्या चांगल्या होत्या. त्याखाली वह्या नव्हत्या; वह्यांच्या आकाराची माती होती. पेटीचा तळ गंजून फुटला होता आणि तिथून उधई, म्हणजे वाळवी, वर आली होती. प्रिंटही त्यातच गेली. मेहुणीनं ती माती हातानं चाळून पाहिली. अर्धं पान निघालं, त्यावर नुसता समास होता.

म्हणजे आता उरली सीडी.

इथे मला माझं ज्ञान आठवलं. नोकरीत असताना नांदेडला आम्हा ग्रंथपालांचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं, जुनी कागदपत्रं संगणकावर कशी जपावीत याचं. दुसऱ्या दिवशी जेवणात गुलाबजाम होते आणि त्यानंतरचं सत्र चेकसमचं होतं, त्यामुळे मी त्यातलं अर्धंच ऐकलं. पण टिपण काढायची सवय झोपेतही सुटत नाही. वही शोधली. त्यात माझ्याच अक्षरात होतं: मूळ प्रतीला हात लावू नये. प्रती कराव्यात, तीन. प्रत्येकीचा चेकसम काढावा. वेळोवेळी ताडून पाहावा.

चेकसम म्हणजे काय हे मी मेहुणीला समजावून सांगितलं, ते असं. फाईल म्हणजे शेवटी आकड्यांची लांबच लांब ओळ. संगणक ती सगळी ओळ एका ठरलेल्या रीतीनं चाळतो आणि शेवटी चौसष्ट अक्षरांची एक खूण देतो. फाईल तीच असेल तर खूण तीच येते, आज काढा किंवा दहा वर्षांनी. आत एक स्वल्पविराम जरी हलला तरी खूण साफ वेगळी येते. त्यामुळे फाईल जशी होती तशीच आहे का, हे न उघडता कळतं.

मेहुणी वसमतची. तिच्या घरासमोरून हळदीच्या गाड्या जातात. मी म्हटलं, "हळदीच्या पोत्याचं तोंड शिवून वर मोहोर करतात ना, तसं."

"व्हय," ती म्हणाली. "पण दाजी, पोत्यात हळद हाये का भुसा, हे मोहोर सांगती व्हय?"

मी हसलो. मला वाटलं, तिला मुद्दा कळला नाही.

तर मी सीडीवरून तीन प्रती केल्या. एक घरच्या संगणकावर, एक पेन ड्राईव्हवर, आणि एक हार्ड डिस्कवर, ती मेहुणीकडे दिली. पेन ड्राईव्ह तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला, कारण डाळीत ओल राहत नाही असा माझा समज होता. चौसष्ट अक्षरांची खूण कागदावर छापून घेतली, लॅमिनेट केली आणि देवघरात शाळिग्रामाच्या मागे उभी केली. हे लिहिताना मला वाटतंय की देवघराचा भाग वगळावा, पण ती वस्तू अजून तिथेच आहे.

मग रोजचा नेम सुरू झाला. आंघोळ, देवाला फूल, आणि जेव्हा ती चहा टाकायची त्या वेळी मी संगणक लावून पडद्यावरच्या काळ्या खिडकीत खूण काढायची आज्ञा टाईप करायचो. खूण यायची. मी देवघरातला कागद समोर धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत ताडायचो. सात, एफ, तीन, नऊ, नऊ, सी, शून्य, ए. संगणकाला हे एका क्षणात स्वतःच ताडता येतं, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी वाचायचं सोडलं नाही. शेजारच्या काकूंनी खिडकीतून ऐकलं आणि दोन-तीन महिन्यांनी न राहवून विचारलं, "सर, हे कोणत्या देवाचं म्हणायलात? इंग्रजीतलं हाये का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं." त्यांनी त्यांच्या गुडघ्याच्या तकलीफीसाठी चालेल का असंही विचारलं.

दिवाळीपर्यंत मला चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं पाठ झाली होती. एकदा चष्म्याच्या दुकानात तिचा जुना चष्मा दुरुस्तीला टाकलेला निघाला. दुकानदारानं नंबर विचारला. मला तिच्या चष्म्याचा नंबर आठवेना. फाईलचा मात्र उलटीकडूनही सांगता आला असता.

एकदाच खूण जुळली नाही. पुन्हा काढली, पुन्हा वेगळीच. मी मेहुणीला फोन केला.

"गेलं," मी म्हटलं. "सगळं गेलं."

"कोण गेलं?" ती घाबरून म्हणाली.

"फाईल. खूण जुळत नाही."

मग ती म्हणाली, "दाजी, जेवलात का तुमी?"

जेवून पाहिलं तेव्हा कळलं की मी विजेच्या बिलाच्या फाईलची खूण काढत होतो.

फाईल मी का उघडत नव्हतो, याचं कारण मी सगळ्यांना आणि स्वतःला शिबिरातलं सांगत असे: मूळ प्रतीला हात लावायचा नाही. पण ती मूळ प्रत नव्हतीच, प्रतीची प्रत होती. शंभर वेळा उघडली असती तरी चाललं असतं. उघडली तर ती संपेल असं मला वाटत असावं. मी ते तपासून पाहिलं नाही. तपासायचं म्हटलं की मी चेकसम काढायचो.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मेहुणी आली. आमच्याकडे वर्षश्राद्धाला लहानशी पुस्तिका छापून वाटतात, बहुधा आरत्यांची किंवा स्तोत्रांची. ती पिशवी ठेवून म्हणाली, "आरत्या सगळ्यायच्या घरी हायेत. आमी ठरवलं, ताईचे प्रश्न छापायचे. शाळेत वाटू, तांड्यावर वाटू. फाईल द्या."

"मूळ फाईल..." मी सुरू केलं.

"दाजी." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "वरीस झालं. तुमी राखण करून राहिले, ते आमाला दिसतं. पण ताईनं ते लोकायनं वाचावं म्हणून टाईप केलं होतं. का मोहोर बघायला?"

मी संगणक लावला. आधी नेमाप्रमाणे खूण ताडली. जुळली. मग तिच्यासमोर, वर्षात पहिल्यांदा, मी फाईल उघडली.

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं होती, मधेच प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम, कंस. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच. मेहुणी वाकून पाहत राहिली. "हे काय हो?"

मी फाईल बंद केली आणि पुन्हा खूण काढली. जुळली. पेन ड्राईव्ह डाळीतून काढून झटकला, त्याची काढली. जुळली. सात, एफ, तीन, नऊ. माझ्या पाठांतरात एका अक्षराचीही चूक नव्हती.

"बराबर आहे," मी म्हटलं.

"काय बराबर हाये?"

मेहुणी उठून आत गेली. तिनं चहा केला, आणि कप माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, "आता ते दुकानच गाठायचं." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठीत काही टाईप करून घेतलं असेल त्यांना एव्हाना काय झालं ते कळलं असेल. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार. फाँट संगणकावर असला तर मराठी दिसणार, नसला तर हा असा कचरा. आमच्या ग्रंथालयाच्या तीन वार्षिक अहवालांचं हेच झालं होतं आणि मी त्याबद्दल प्राचार्यांना अर्जही लिहिला होता. तरी त्या दिवशी मला ते आठवलं नाही. मी एकच गोष्ट धरून बसलो होतो: फाईल जशी होती तशीच आहे. ती तशीच होती. पहिल्या दिवसापासून मी हेच सांभाळत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं वसमतला गेलो. सगळा वेळ मला एकच भीती: दुकान बंद झालं असेल. झालं नव्हतं, पण बदललं होतं. पुढे मोबाईलची कव्हरं टांगली होती, एका बाजूला ऑनलाईन फॉर्म भरून घ्यायला लोक उभे होते. आत, पडद्याआड, पन्नाशीचे मालक लग्नपत्रिका जुळवत बसले होते. मेहुणीनं माझी ओळख करून दिली. ते उठून उभे राहिले.

"बाईंचे सर का? बसा, बसा. बाई इथंच बसायच्या, ह्या स्टुलावर. माझी अर्धी शुद्धलेखनाची शिकवणी त्यायनंच घेतली."

मी पेन ड्राईव्ह दिला. तो त्यांनी पुसून लावला, कारण त्यात डाळीचा चुरा गेला होता. फाईल उघडली, एक नजर टाकली आणि म्हणाले, "फाईल बराबर हाये, सर. फाँट न्हाई."

"तो फाँट आहे का तुमच्याकडे?"

मी हे विचारलं तेव्हा मेहुणीनं माझी बाही धरली होती.

"असणारच. पत्रिका अजून त्याच फाँटात करतो आमी. लोकायला तोच गणपती लागतो, तेच 'श्री' लागतं. दुसऱ्या फाँटातलं दिलं तर म्हणतेत, ही पत्रिका लग्नाची वाटत न्हाई." ते कोपऱ्यातल्या दुसऱ्या संगणकाकडे गेले. जाडजूड जुना पडदा, पिवळा पडलेला कळफलक. त्यांनी पेन ड्राईव्ह तिकडे लावला. दोन मिनिटं तो संगणक घुरघुरत राहिला, आणि मग पडद्यावर आलं:

बाई, सुट्टीच्या दिवशी शाळा काय करती?

मेहुणीनं ते मोठ्यानं वाचलं. मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

मालकांनी सांगितलं, असंच छापता येईल; पण जुन्या फाँटात ठेवलं तर त्यांच्यानंतर हे वाचणारा संगणक राहणार नाही. नव्या पद्धतीत बदलून घेतलं तर कुठेही दिसेल. बदलायचं यंत्र आहे, पण ते काही जोडाक्षरं खातं, काही उलटी लावतं. एकदा सगळं ताडून घ्यावं लागेल.

"मग आकडा बदलेल," मी म्हटलं.

"कोणता आकडा?"

मेहुणीनं वर न बघता सांगितलं, "त्यायचा एक आकडा हाये. चौसष्ट अक्षरांचा. तुमी बदला."

तर त्यांनी बदललं. घरी आल्यावर सवयीनं नव्या फाईलची खूण काढली, तेव्हा चौसष्टातलं एकही अक्षर जुन्याशी ओळख दाखवत नव्हतं. वर्षभर ज्याचा जप केला तो आता फक्त एका न वाचता येणाऱ्या फाईलचा आकडा होता.

ताडण्याचं काम आम्ही दुकानातच केलं, चार दिवस. त्यासाठी मी पुन्हा वसमतला जाऊन मेहुणीकडेच राहिलो. तिनं जुन्या पडद्यासमोर बसून मोठ्यानं वाचायचं, मी नव्या छपाईवर पेन्सिल धरून ऐकायचं. असं जोडीनं ताडणं यंत्राच्या ताडण्याहून फार हळू चालतं. मुख्य अडचण म्हणजे ताडणारे मधेच थांबतात.

"बाई, पाण्याला चव नसती, तर आमच्या बोरचं पाणी खारट काहून?"

"बरोबर," मी म्हणायचो.

"नकाशावर आपला तांडा दाखवा म्हटलं की तुमी बोट ठेवता. बोटाखाली तर अख्खा जिल्हा झाकतो. मग तांडा दिसन कसा?"

"बरोबर."

"चिमणीला आपलंच घरटं कसं सापडतं? पुस्तकात तर सगळी झाडं एकसारखी हायेत." मेहुणी थांबली. "हा तिनं मला फोनवर सांगितला होता."

मला तो तिनं एका संध्याकाळी विचारला होता. मी पाहून सांगणार होतो.

जिथे यंत्रानं जोडाक्षर खाल्लं होतं तिथे मी खूण करायचो. दर वर्षाच्या शेवटी तिचा आकडा यायचा, एकूण ४१, एकूण ३८, आणि आम्ही त्या वर्षाचे प्रश्न मोजून पाहायचो. तेव्हा मला कळलं की चेकसम आमच्या घरात माझ्या शिबिराच्या आधीपासून होता. तिनं त्यासाठी कसलं सत्र ऐकलं नव्हतं. पहिल्या सहा वर्षांचे आकडे जुळले. सातव्या वर्षाखाली लिहिलं होतं, एकूण ३७. आम्ही मोजले तर छत्तीस भरले.

पुन्हा मोजले. छत्तीस. मेहुणीनं मोजले, मी मोजले, मग दोघांनी मिळून बोटं लावून मोजले. नव्या छपाईत छत्तीस, जुन्या पडद्यावरही छत्तीस. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आधी जे आलं ते समाधान होतं: वर्षभर चूक शोधत होतो, एकदाची सापडली. मग लक्षात आलं की वही मातीत गेली आहे आणि हा एक प्रश्न आता कुठेच नाही.

मी मालकांना म्हटलं, "टाईप करताना तुमच्याकडून एक सुटला."

"माझ्याकडून?" त्यांनी पत्रिकेवरची नजर काढली. "न्हाई सर. बाई समोर बसलेल्या असताना सुटंल कसा? एक मात्रा राहिली तर कान धरायच्या." ते उठून आले, वाकून पडद्यावरचं वर्ष बघितलं, आणि एकदम हसायला लागले. मग माझ्याकडे बघून थांबले.

"काय झालं?" मेहुणी म्हणाली.

"काही न्हाई. तो बाईंनीच काढायला लावला होता. प्रुफावर लाल पेनानं मारला."

"कोणता होता?"

"आता ते..." त्यांनी मान खाजवली. "सरांपुढं कसं सांगू?"

"सांगा," मी म्हटलं.

ते बाहेर टांगलेल्या कव्हरांकडे बघत म्हणाले, "बाई, सर घरी बोलतेत का?"

बाहेर फॉर्मवाला एक माणूस आपला आधार नंबर मोठ्यानं सांगत होता.

मला तो दिवस आठवला. एका पंधरा ऑगस्टला मी तिच्याबरोबर तांड्यावर गेलो होतो. शाळेनं मला लिंबाखाली खुर्ची दिली, हातात जिलबीची पुडी दिली. झेंडा झाला, कवायत झाली, भाषणं झाली. मुख्याध्यापकांनी दोन शब्द बोला म्हटलं, तर मी हात जोडले. पोरं माझ्याभोवती गोल करून उभी राहिली, मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन तासांत मी जे बोललो ते एवढंच की पुडी कुठे टाकू. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वर्गात विचारलं असणार.

"मग तिनं त्या लेकराला काय सांगितलं?" मी विचारलं.

"ते काही म्हटल्या न्हाईत. मीही हसत होतो, तर म्हटल्या, हे छापून घरी जाणार हाये, काढा. मी काढला. मग विचारलं, बाई, खालचा आकडा छत्तीस करू का? तर म्हटल्या, राहू द्या. इचारला तर होता त्यानं."

मेहुणीनं तोंडाला पदर लावला. तिची बहीण हसायची तसाच. तिचे डोळे मात्र भरले होते, त्यामुळे मला नक्की काय चाललं आहे ते सांगता आलं नाही, आणि नेहमीप्रमाणे मी विचारलंही नाही.

मग मी म्हटलं, "घाला तो."

"कुठं घालू?"

"शेवटी. आकड्याच्या वर."

मालकांनी टाईप केला. मेहुणीनं वाचला. मी पेन्सिल धरून ताडला, तेवढ्यातही त्यांच्याकडून एक मात्रा राहिली होती.

पुस्तिका वेळेवर झाली. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तांड्यावर गेलो. लिंब आहे. खुर्ची प्लास्टिकची झाली आहे. नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर, दोन शब्द. मी उभा राहिलो. काय बोलावं ते काही लिहून आणलं नव्हतं, म्हणून पुस्तिका उघडली आणि सातव्या वर्षाचा शेवटचा प्रश्न वाचला. पोरं हसली. मागे उभ्या असलेल्या बायका जास्त हसल्या. मी आणखी एक वाक्य बोललो, ते असं की हे बरोबर आहे. मग बसलो. परतीच्या जीपमध्ये मेहुणी म्हणाली, "दाजी, दोन शब्द म्हटलं तर तीन बोललात. एक जास्त झाला." मी कळमनुरी येईपर्यंत तिच्याशी बोलत होतो. बहुतेक सगळं चिमणीच्या घरट्याबद्दल.

आता माझ्याकडे त्या फाईलच्या तीन प्रती आहेत आणि दुकानातून आणलेला तो फाँट आहे. नवी खूण मी लिहून ठेवली आहे, पाठ केलेली नाही. सातव्या वर्षाखाली एकूण ३७ असं आहे, आणि वर सदतीस प्रश्न आहेत.